तेल गळतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

आय. सी. इंजिनच्या व्हायव्हात मला एक्स्टर्नलनी विचारलं होतं, "इंजिनमध्ये ऑईलची कामं किती?" मी पोपटासारखी पाच सांगितली. वंगण, थंड करणं, सफाई, गंज रोखणं आणि पिस्टन रिंगपाशी सील. मार्क मिळाले. पण हे ऑईल इंजिनमध्ये राहतं कसं, बाहेर का सांडत नाही, हे ना त्यांनी विचारलं, ना मला माहीत होतं. ते शिकायला दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या पिकअपखाली पाठीवर झोपावं लागलं. संपादक मंडळाने "कविता खूप आल्यात, जरा अभ्यासाचं काहीतरी दे" असं सांगितलं म्हणून तेच लिहितोय. मेकॅनिकलवाल्यांनी वाचावंच, पण बाकीच्या ब्रँचच्या घरीही गाड्या असतातच की!

मामा दिंडोरी तालुक्यात टोमॅटो करतात. गाडी २०११ सालची, चार सिलिंडरचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मीटरवर दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. सीझनमध्ये रोज पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला एक फेरी, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. स्वतःचे क्रेट आणि शेजाऱ्यांचेही. मी पोचलो तेव्हा अंगणात गाडी उभी राहायची त्या जागी वाटीएवढे काळे डाग पडलेले, आणि मामी वैतागलेली. ऑईल आठवड्याला लिटरभर टाकावं लागत होतं.

गावातले मिस्त्री आले, गाडीखाली गेले, हात पुसत बाहेर आले. "मागचं ऑईल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तीन दिवस, आणि आठ-नऊ हजार धरा." टोमॅटोला तीन दिवस म्हणजे काय ते ज्याच्या घरी शेती आहे त्याला विचारा. झाडावर लाल झालेला माल थांबत नाही, आणि सीझनमध्ये दुसरी गाडी मिळाली तरी ती म्हणेल ते भाडं. मामांनी माझ्याकडे बघितलं. "काय इंजिनिअर, तुमचं पुस्तक काय म्हणतं?"

आता मिस्त्रींचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं. क्रँकशाफ्टचं मागचं टोक इंजिनमधून बाहेर येतं आणि त्याला फ्लायव्हील लागतं. फिरता शाफ्ट बाहेर काढायचा पण तेल आत ठेवायचं, म्हणून तिथे रबराचं सील असतं. त्याची पातळ ओठासारखी कड शाफ्टवर टेकलेली असते आणि ती टेकून राहावी म्हणून मागे एक बारीक गोल स्प्रिंग. उष्णतेने रबर कडक झालं की ओठ नीट बसत नाही आणि तेल फ्लायव्हीलच्या बाजूला, म्हणजे बेल हाऊसिंगमध्ये येतं. तिथून खालच्या भोकातून थेंब पडतात. मिस्त्रींना थेंब बेल हाऊसिंगच्या तळाशीच दिसले होते. पण बघा, सील गेलं तर तिथे तेल दिसतं हे खरं, तिथे तेल दिसतंय म्हणजे सीलच गेलं हे खरं नाही. बेल हाऊसिंग हा इंजिनच्या मागच्या बाजूचा सगळ्यात खालचा भाग आहे. वर कुठेही गळलं तरी ओघळ शेवटी तिथेच येणार. त्यात पुढून पंख्याचा आणि धावत्या गाडीचा वारा सगळं तेल मागे ढकलत असतो.

हा शहाणपणा मला नंतर आला. आधी मी काय केलं तेही प्रामाणिकपणे सांगतो. बॉनेट उघडलं तर वरच्या रॉकर कव्हरच्या कडेला तेलकट धूळ दिसली. गॅरेजमध्ये याला टॅपेट कव्हर म्हणतात. मला वाटलं, सापडलं! फूटभर लांबीचा पाना घेतला आणि कव्हरचे सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. दुसऱ्या दिवशी गळती वाढली. मामा काही बोलले नाहीत, पण मामीने डागाखाली पत्रा ठेवला तो जरा जोरातच आपटला.

मग आमच्या सरांना फोन लावला. सर वर्गात जितके बोलतात त्याच्या दहा टक्के फोनवर बोलतात. त्यांनी तीन प्रश्न विचारले. "तेल कुठलं आहे? धुतलंस का? दाबाखालचं की बिनदाबाचं?" एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. "मग आवळलंस कशाला?" एवढं म्हणून फोन ठेवला.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण यातच पुष्कळ जण फसतात. गाडीत इंजिन ऑईलखेरीज गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, डिझेल, कूलंट एवढे द्रव आहेत आणि सगळे खालीच गळतात. बेल हाऊसिंगपाशी तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गिअर ऑईलही येऊ शकतं. यावर उपाय म्हणजे पांढरा कागद. माझ्याकडे फर्स्ट इयरची इ. डी.ची एक शीट घरी पडून होती. त्या शीटवर मिळाल्या नव्हत्या इतक्या शाबासक्या तिला आता मिळाल्या. रात्री ती गाडीखाली पसरली, कडेला दगड ठेवले आणि चाकांच्या जागा पेन्सिलने आखून घेतल्या, म्हणजे थेंब इंजिनच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळतं. सकाळी दहा-बारा थेंब होते, सगळे काळे. डिझेल इंजिनमध्ये काजळी तेलात मिसळते म्हणून ते लवकर काळं पडतं. गिअर ऑईल दाट असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. ब्रेक ऑईल पातळ आणि रंग खाणारं. कूलंट पाण्यासारखं, रंगीत. आमचं इंजिन ऑईलच होतं.

पण त्या शीटने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सरांनी विचारल्यावरच दिसली. रात्रभरात फक्त दहा-बारा थेंब? आठवड्याला लिटर जातंय. म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोमीटरला लिटर, किलोमीटरला साधारण अडीच मिलिलिटर. ताशी चाळीसच्या वेगाने तासाला शंभर मिलिलिटर. पंचवीसेक थेंबांना एक मिलिलिटर धरलं तर मिनिटाला चाळीस थेंब! उभ्या गाडीत दहा आणि पळत्या गाडीत मिनिटाला चाळीस, म्हणजे इंजिन चालू असतानाच गळतंय. चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन प्लगचा वॉशर गेला असता तर ते तेलाच्या पातळीखाली असल्यामुळे रात्रभर टपकत राहिलं असतं. एका जुन्या शीटवर इंजिनचा अख्खा तळ संशयातून बाद झाला.

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण जीव त्याच्यात आहे. इंजिनमध्ये तेल दोन अवस्थांत असतं. पंपातून निघून फिल्टर, गॅलरी, बेअरिंगपर्यंत जाणारं तेल दाबाखाली असतं, गरम इंजिनला चांगल्या वेगावर तीन-चार बार. बेअरिंगमधून निसटून उडणारं, रॉकरवर शिंपडलं जाणारं आणि निथळत चेंबरमध्ये परत येणारं तेल बिनदाबाचं. रॉकर कव्हर, चेंबर, क्रँकची पुढची-मागची सीलं ही सगळी बिनदाबाच्या तेलाची दारं. तिथली गळती त्रास देते पण वेळ देते. फिल्टर, ऑईल प्रेशरचा स्विच आणि व्हॅक्यूम पंपाचा पाईप ही दाबाची दारं. तिथली गळती वेळ देत नाही.

व्हॅक्यूम पंपाबद्दल दोन शब्द, कारण पेट्रोलवाल्यांना हा प्रकार सहसा माहीत नसतो. पेट्रोल इंजिनला थ्रॉटल असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आपोआप निर्वात तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात थ्रॉटल नसतो, निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि त्याला वंगणासाठी इंजिनमधून तेलाचा पाईप येतो. तो पाईप फुटला तर काही मिनिटांत चेंबर रिकामं होऊ शकतं. आणि डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो! तो पेटतो तेव्हा पंपाने हवा ओढायला सुरुवात केलेली असते आणि बेअरिंगचं नशीब ठरत आलेलं असतं. दिवा लागला की "पुढच्या गावापर्यंत जाऊ" नाही, तिथेच इंजिन बंद. आमच्या गाडीचा हा पाईप आणि स्विच कापडाने पुसून, इंजिन चालू ठेवून बघितला. कोरडा ठणठणीत. चला, वेळ आहे म्हणायचा.

आता धुणं. दोन लाख किलोमीटरची तेलकट धूळ असलेल्या इंजिनात गळती शोधणं म्हणजे आपल्या मेसच्या रश्श्यात भाजी शोधण्यासारखं आहे. सगळीकडे तवंगच. गार इंजिनवर ब्रशने डिझेल लावून मळ सोडवला, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. अल्टरनेटरला आधी प्लॅस्टिकची पिशवी बांधली. विहिरीपासून लांब धुतलं, कारण त्या पाण्यात काय काय असतं ते उघड आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर वाळवलं आणि संशयित जागांवर मामीची टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ लगेच उमटते. मामीला पावडरचं कारण सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

खाली झोपण्याआधी चाकांना उटी लावली, हँडब्रेक ओढला. गाडी जॅकवर उचलली असेल तर खाली घोडी किंवा लाकडाचे भक्कम ओंडके हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी जाऊ नये. वर्कशॉपमध्ये ऐकलेलं असतं, पण गावाकडे सगळे "दोनच मिनिटांचं काम" म्हणून घुसतात.

इंजिन उभ्या जागी दहा मिनिटं चालवलं. काही नाही, पावडर पांढरीफेक. मी खट्टू झालो. मामा म्हणाले, "रिकामी गाडी कधी गळते का? माल भर." चाळीस क्रेट भरून बारा किलोमीटर फिरून आलो आणि रेघ उमटली! यामागचं कारण आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. १५ डब्ल्यू ४० तेलाची व्हिस्कॉसिटी ४० अंशाला साधारण ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशाला १४-१५. म्हणजे गरम तेल सात-आठ पट पातळ. थंड इंजिनवर जी फट तेल अडवते ती गरम इंजिनवर अडवत नाही. दुसरं कारण लोडचं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

रेघ कुठे होती? रॉकर कव्हरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, इंजिन आणि केबिनच्या पत्र्यामधल्या बेचक्यात. तिथे डोळा पोचत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करून हात आत घातला, मग बाहेर काढून बघितलं. कोपऱ्यातून निघालेला ओघळ हेडच्या पाठीवरून, ब्लॉकवरून बेल हाऊसिंगच्या माथ्यावर आणि तिथून गोलाई धरून थेट तळाशी, मिस्त्रींना दिसला तिथे. बेल हाऊसिंगच्या खालची झाकणपट्टी काढून आत बघितलं तर आत किंचित ओल होती, बाहेर मात्र सगळं न्हालेलं. ओलं ठिकाण शोधताना सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं बघायचं, खालचं बघायचं नाही, हा नियम मी आता झोपेतही सांगू शकतो.

आणि गंमत म्हणजे त्याच कोपऱ्यातला बोल्ट मी सगळ्यात जास्त आवळला होता. कव्हर काढून पालथं केलं. पत्र्याची कड प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी खाली दबलेली आणि दोन बोल्टच्या मध्ये वर उचललेली, लाटांसारखी. कॉर्कचं पॅकिंग भोकापाशी चिरडलेलं, मध्ये मोकळं. अरुंद फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात असतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट! जास्त आवळल्याने गळती का वाढली याचं उत्तर पुस्तकात दोन वर्षांपूर्वीच वाचलं होतं, मार्कही मिळवले होते.

कव्हरची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केली आणि खिडकीच्या काचेवर पालथी ठेवून खालून उजेड दिसतो का ते तपासलं. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून हेडच्या भोकांत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या मोजून कोंबाव्यात आणि मोजून काढाव्यात. राहिलेली चिंधी इंजिनचा घास घेते. नवं पॅकिंग अडीचशे रुपयांचं. आता प्रश्न टॉर्कचा. मॅन्युअलमध्ये या बोल्टना ९ न्यूटन मीटर दिलं होतं, आणि गावात टॉर्क रेंच कुठून आणणार? मामांकडे भाजी तोलायचा हुकाचा स्प्रिंगकाटा होता. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर दोरी बांधली, काटा अडकवला आणि पान्याशी काटकोनात ओढला. ९ भागिले ०.१५ म्हणजे ६० न्यूटन, काट्यावर जेमतेम सहा किलो. मी आधी तीस सेंटिमीटरच्या पान्यावर किमान दहा किलोंचा जोर दिला असणार, म्हणजे तिपटीहून जास्त. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून कडेला जात, दोन फेऱ्यांत आवळले. सहा किलो म्हणजे इतकं कमी वाटतं की हात आपोआप पुढे जातो. जाऊ द्यायचा नाही.

तीन दिवस कोरडे गेले. चौथ्या दिवशी मामांनी हाक मारली, "आलं बघ तुझं तेल." तोच कोपरा. आधीपेक्षा कमी, पण ओलं.

नेमके त्याच वेळी मिस्त्री आले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. झाकण थयथय नाचायला लागलं, खालून धुराचे झोत. "बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा गेल्या. इंजिन काम काढावं लागेल." इंजिन काम म्हणजे पन्नास-साठ हजार. मामा काही न बोलता बांधावर जाऊन बसले. त्या वर्षी टोमॅटोला भाव कसा होता हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मीही गप्प राहिलो.

बॅक कॉम्प्रेशन म्हणजे आपल्या पुस्तकातला ब्लो-बाय. पिस्टनच्या रिंगांतून जळलेला वायू थोडा थोडा खाली क्रँककेसमध्ये निसटतो. नव्या इंजिनातही निसटतो, लोडवर जास्त. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. आमच्या इंजिनात कव्हरवर एक जाळीची डबी आणि तिथून रबरी नळीने एअर फिल्टरनंतरच्या पाईपात. आता झाकण नाचतं याची कारणं दोन असू शकतात. एकतर वायू फार येतोय, म्हणजे रिंगा गेल्या. किंवा येतोय तेवढाच, पण जायची वाट बंद आहे. झाकण दोन्हींत नाचतं! पहिल्याला साठ हजार, दुसऱ्याला रॉकेल आणि ब्रश. शिवाय सकाळच्या थंडीत गाडी पहिल्या सेल्फला सुरू होत होती, निळा धूर नव्हता, लोडवर खेचत होती. रिंगा गेलेल्या इंजिनची ही लक्षणं नव्हेत.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण इंजिनिअरिंगला आहोत ते बरं आहे. शेजारी बांधकाम चालू होतं. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ती मागून आणली. तिचा यू आकार करून फळीवर बांधली, शेजारी मोजपट्टी, नळीत पाणी. म्हणजे फर्स्ट क्लास मॅनोमीटर. तेलाची पट्टी उपसून तिच्या नळकांड्यावर एक टोक घट्ट बसवलं, दुसरं उघडं. यात काळजी एकच, कधी क्रँककेसमध्ये उलट ओढही असते, तेव्हा पाणी आत जाऊ नये म्हणून नळीचे हात उंच ठेवायचे आणि पाणी थोडंच घ्यायचं. आयडलला दोन पातळ्यांत ९० मिलिमीटर फरक आला, ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर १६०.

१६० मिलिमीटर पाणी म्हणजे दीड किलोपास्कलच्या जरा वर. टायरमधल्या हवेपुढे काहीच नाही. पण हे दार बिनदाबाच्या तेलाचं आहे हे विसरू नका. तेलाची घनता पाण्याच्या ०.८७ पट धरली तर हा दाब १८४ मिलिमीटर उंच तेलाच्या स्तंभाएवढा. जे तेल एरवी कव्हरच्या कडेला नुसतं शिंपडून निथळून जातं, त्याच्यावर जणू वितीला थोडं कमी एवढं तेल उभं करून ठेवलंय. भरीला, खालून वर येणारा वायू त्याच भोकांतून येतो ज्यांतून वरचं तेल खाली निथळायचं असतं, त्यामुळे ते वरच तुंबतं. लोडवर वायू वाढतो, म्हणून माल भरल्यावरच रेघ उमटली होती. पॅकिंग बिचारं गुन्हेगार नव्हतं, त्याच्यावर अन्याय होत होता.

ब्रीदरची डबी उघडली. आत डांबर. तेलाची वाफ, काजळी आणि पाण्याची वाफ मिळून जाळीत गच्च बसलेली, आरपार जायला उदबत्तीएवढी वाट राहिलेली. रबरी नळी आतून फुगून चिकटलेली. हे एका दिवसात होत नाही. ऑईल बदलायला उशीर हे एक कारण, आणि दुसरं मामांनी स्वतःच सांगितलं. "गळतंय ना, म्हणून मी जरा वरपर्यंतच भरायचो." पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही वर! जास्त भरलं की क्रँक तेलात आपटतो, फेस आणि तुषार वाढतात, ते ब्रीदरमध्ये जातात, ब्रीदर तुंबतो, दाब वाढतो, गळती वाढते, आणि मामा अजून जास्त भरतात. डिझेल इंजिनात तर यात धोकाही आहे. ब्रीदरमधून फार तेल इनटेकला गेलं तर इंजिन त्या तेलावरच पळायला लागतं आणि चावी फिरवूनही थांबत नाही.

डबी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून सकाळी घासली, वाळवली. नळी नवी आणली. तेल वरच्या खुणेपर्यंत, त्याच्यावर थेंब नाही. परत मॅनोमीटर लावला. आयडलला ६ मिलिमीटर, दाबून धरल्यावर २०. रिंगा खरंच गेल्या असत्या तर मोकळ्या ब्रीदरमधूनही एवढा वायू गेला नसता आणि दाब चढाच राहिला असता. मामांना पास्कल वगैरे काही सांगितलं नाही. आधीची आणि आताची पेन्सिलची खूण फळीवर दाखवली. त्यांनी दोन्हींच्या मधे बोटं ठेवून अंतर बघितलं आणि म्हणाले, "साठ हजाराचं अंतर आहे."

सुट्टी संपवून मी होस्टेलला आलो. सीझन संपेपर्यंत गाडी पिंपळगावला रोज गेली. महिनाभरात तेल पाव लिटर टाकलं, असा मामांचा फोन आला. आणि अंगणात? रोज सकाळी एखाद-दुसरा थेंब, बेल हाऊसिंगखाली. बेल हाऊसिंगच्या आतली ती किंचित ओल आठवते ना? मागचं सील खरंच थोडं पाझरत होतं. मिस्त्री अगदीच चुकले नव्हते. पण एका थेंबासाठी सीझनमध्ये गिअरबॉक्स उतरवायचा नाही, तेल क्लचवर जाऊन तो घसरायला लागला तरच बघायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

जानेवारीत क्लच प्लेट तशीही बदलायची होती, तेव्हा गिअरबॉक्स उतरला आणि सील बदललं. मी मुद्दाम शनिवार-रविवार धरून गेलो. जुन्या सीलचा ओठ नखासारखा कडक झालेला. शाफ्टवर जिथे तो टेकत होता तिथे नखाला लागेल अशी बारीक खाच पडलेली. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर त्याचा ओठ खाचेत बसून लवकर खराब झाला असता. मिस्त्रींनी ते दीड-दोन मिलिमीटर अलीकडे, गुळगुळीत जागेवर बसवलं. ओठाला आधी तेल लावलं, कडेने सारखं ठोकत गेले, एकदाही तिरकं झालं नाही. हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं, मी वहीत लिहून घेतलं.

ते हात धूत असताना त्यांना मॅनोमीटरची फळी दिसली. पाणी कुठवर चढलं म्हणजे ब्रीदर आणि कुठवर म्हणजे रिंगा, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मी म्हटलं, आधी ब्रीदर साफ करायचा आणि मगच मोजायचं. फळी ते गॅरेजवर घेऊन गेले. गवंड्याला मामांनी नवी नळी आणून दिली.